पगारी माणसांचं गाव

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते आणि ती मनावर कुणीच घेत नाही. शेतकऱ्याचा मुलगा एमपीएससीच्या मागे लागतो, दुकानदाराची मुलगी इंजिनिअरिंगला जाते आणि लग्नाच्या बायोडेटात सगळ्यांची नजर आधी ‘नोकरी’च्या रकान्यावर जाते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र या उतरंडीची नवी आवृत्ती निघाली आहे. उत्तम स्टार्टअप, मध्यम फ्रीलान्सिंग, कनिष्ठ महिन्याचा पगार. जुनी म्हण निदान म्हणीपुरती होती. नवी म्हण मुलाखतीत, अप्रेझलमध्ये आणि लिंक्डइनवर रोज भेटते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंग करून सहा वर्षं झाली, घर भिंगारला आणि कंपनी पुण्यात. ‘तुमची पॅशन काय?’ हा प्रश्न मला आजवर इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याचं उत्तर रेझ्युमेसारखं अपडेट करून ठेवावं लागतं. आधीच्या एका कंपनीत अप्रेझलच्या फॉर्मवर ‘पॅशन’ असा वेगळा रकाना होता, पाचपैकी गुण द्यायचे. आमच्या टीममध्ये एक जण होती. पैशांच्या व्यवहारांचा रोजचा ताळमेळ लावणारी सिस्टिम ती एकटी सांभाळायची. चार वर्षांत ती सिस्टिम एकदाही बंद पडली नाही. ती सहा वाजता घरी जायची, हॅकेथॉनला नसायची, टाऊनहॉलमध्ये बोलायची नाही. तिला पाचपैकी तीन मिळाले. त्याच महिन्यात, कधीच प्रॉडक्शनला न गेलेल्या एका गोष्टीचा झकास डेमो देणाऱ्याला पाच. पुढच्या सहा महिन्यांत तिनं नोकरी सोडली. तिच्या जागी तीन माणसं लागली.

ही रड फक्त आमच्या ऑफिसची असती तर चहावर बोलून सोडून दिली असती. पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न उरला. पोटासाठी केलेलं काम आणि जीव ओतून केलेलं काम या खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? की ही विभागणी नवी आहे, आणि आपण ती कायमची असल्यासारखी मानतोय? याचं उत्तर मी माझ्याच गावात शोधायचं ठरवलं. भिंगार त्यासाठी बरं आहे. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पगारी माणसांचंच आहे.

तीन शब्द

गावाकडे जाण्याआधी तीन शब्द पाहू.

‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ साधा आहे: पैसे चुकते करणे. बस. त्यात ना आवड, ना नावड.

‘नोकर’ आला फारसीतून, आणि फारसीत तो मंगोल भाषेतून. मंगोलांचा ‘नोकोर’ म्हणजे साथीदार. आपल्या मर्जीनं एखाद्या सरदाराची सोबत पत्करणारा, त्याच्या बाजूनं लढणारा माणूस. आज ज्या शब्दाला आपण नाक मुरडतो, त्याच्या मुळाशी चाकरी नाही, सोबत आहे.

आणि ‘पॅशन’? त्याचं लॅटिन मूळ ‘सोसणे’ या अर्थाचं आहे. ख्रिस्ताच्या यातनांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे. मराठीत याला चपखल एकच शब्द नाही. आवड आहे, छंद आहे, ध्यास आहे, वेड आहे आणि आमच्या नगरी बोलण्यातला ‘नाद’ आहे. गंमत म्हणजे यातला एकही शब्द आपण पूर्वी नोकरीच्या अर्जात लिहीत नव्हतो. अर्जात काय यायचं? शिक्षण, अनुभव आणि ‘दिलेलं काम चोख करीन’ असा एक शब्द.

पाण्याला उतार लागतो

भिंगार नगरपेक्षा जुनं. 28 मे 1490 रोजी याच परिसरात मलिक अहमदनं बहमनी सैन्याचा पराभव केला. जिथे लढाई झाली तिथे बाग उभी राहिली, आणि 1494मध्ये जवळच सीना नदीच्या काठी नव्या शहराचा पाया घातला गेला. तेच अहमदनगर, 2024पासून अहिल्यानगर. आम्ही बोलताना अजून ‘नगर’च म्हणतो.

राजानं शहर वसवलं हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. पण शहर वसवायचं म्हणजे आधी पाणी आणायचं. सीना ही काही बारमाही दुथडी वाहणारी नदी नाही, आणि नगरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे निजामशाहीत शहराच्या भोवतालच्या उंच भागांतून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव आणि आमचं भिंगार अशा बाजूंनी, जमिनीखालून पाणी आणलं गेलं. लोक त्यांना खापरी नळ म्हणतात. विहिरीत किंवा तळ्यात पाणी धरायचं, मग चुन्यात बांधलेल्या भुयारी पाटातून आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून ते शहरातल्या हौदांपर्यंत, मशिदी-महालांपर्यंत आणि बागांपर्यंत पोचवायचं. पंप नाही, वीज नाही. फक्त उतार.

हा ‘फक्त’ फार महागडा आहे. उतार जास्त झाला तर पाणी जोरात येतं आणि सांधे उखडतं. कमी झाला तर गाळ बसतो आणि नळ हळूहळू बुजतो. मैलोन्‌मैल लांबीत तो उतार बेताचा ठेवायचा, मध्ये ओढा आला तर वळसा घ्यायचा की खालून जायचं हे ठरवायचं, आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवायचे आणि त्याच तोंडातून माणूस उतरून गाळ काढू शकेल अशी सोय करायची. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पेशव्यांनी आणलेलं पाणी याच तत्त्वावर चालायचं, पण ते अठराव्या शतकात. नगरचे नळ त्याच्या दीड-दोनशे वर्षं आधीचे.

आता विचार करा, हे कुणी केलं? पातळी मोजणारे, विहीर खोदणारे, चुना मळणारे गवंडी, नळ भाजणारे कुंभार. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ते सगळे पोटासाठीच काम करत होते. कुणाला रोजचा दाम मिळत असेल, कुणाला धान्य. पण पाण्याला हे कळत नाही. पाण्याला उतार कळतो. कुंभाराचा नळ एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला रुंद नीट बसला नाही, तर पाणी झिरपणार. तिथे ‘मला या कामाची पॅशन आहे’ असं सांगून सांधा घट्ट होत नाही. नीट काम केलं तरच होतो. आणि ते नीटच झालं होतं, कारण निजामशाही 1636मध्ये संपली, मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले आणि 1884च्या जिल्हा गॅझेटियरमध्येही नगरच्या या जुन्या नळांची दखल घ्यावी लागली. राज्यं बदलली तरी सिस्टिम चालू होती. आमच्या भाषेत, उत्तम अपटाइम.

नाव न उरण्याचा सगळ्यात ठसठशीत नमुना भिंगारहून दिसतो. पाथर्डी रस्त्याला शहाडोंगरावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. सगळं गाव तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतं. रील्सही त्याच नावानं फिरतात. पण तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशाहाचा हा वजीर 1589मध्ये वारला. फराहबागेचा महाल 1583मध्ये पुरा झाला तो त्याच्याच देखरेखीखाली, आणि शहराच्या पाण्याच्या कामांशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. एका कर्तबगार प्रशासकाची कबर आज एका शूर राणीच्या नावावर जमा आहे. लढणारे लक्षात राहतात, पाणी आणणारे राहत नाहीत.

तोफ ओतणारा

एका तंत्रज्ञाचं नाव मात्र उरलंय, कारण त्यानं ते धातूतच कोरून ठेवलं.

विजापूरच्या बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ नावाची तोफ आहे. पर्यटक ती विजापूरची समजून फोटो काढतात. ती ओतली गेली नगरमध्ये, 1549 साली, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, तुर्की मुलखातला. थोडक्यात, परदेशातून आलेला, आपल्या कसबाच्या जोरावर दख्खनच्या दरबारात काम मिळवणारा तज्ज्ञ. आज आपली मुलं व्हिसा घेऊन ज्या वाटेनं जातात, तीच वाट उलट दिशेनं.

तोफेचं वजन साधारण 55 टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर. धातू घंटेचा, म्हणजे तांबं आणि कथिल यांचं मिश्रण. तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेलं सिंहासारखं श्वापद. अशी वस्तू ओतताना मध्ये थांबायची सोय नसते. रस कमी पडला किंवा ओघ तुटला, तर आधीचा थर गोठतो, सांधा कच्चा राहतो आणि पहिल्याच बाराला तोफ फुटून आपलीच माणसं मरतात. आमच्याकडे चुकीचं डिप्लॉयमेंट मागे घेता येतं. त्याच्याकडे ती मुभा नव्हती. तोफेवर निजामशाहाचं नाव आहे, आणि रूमीचंही. मालकाच्या नावासोबत कारागिराची सही. ती सही मला फार आवडते. ‘पैसे तुमचे, काम माझं’, असं ती स्वच्छ सांगते.

पण याच तोफेत पगारी कामाची काळी बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. तोफ सतराव्या शतकात परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला गेली. निजामशाहीसाठी ओतलेलं शस्त्र आदिलशाहीचं झालं. 1686मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तिच्यावर आपल्या विजयाचाही लेख कोरवला. 1854मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती भंगारात काढली, तेव्हा लिलावात बोली लागली 150 रुपयांची. एका अधिकाऱ्यानं तो सौदा रद्द केला म्हणून आज ती आहे. तोफ कुणाच्याही हातात गेली तरी तितकीच नीट चालते. कौशल्याला स्वतःचा विवेक नसतो, तो माणसानं ठेवावा लागतो. ‘मी फक्त पगार घेतो आणि काम चोख करतो’ एवढ्यावर विषय संपत नाही. कशासाठी चोख, हा प्रश्न उरतोच. तो आज जाहिरातीचं अल्गोरिदम लिहिणाऱ्यालाही लागू आहे आणि कर्जाचं ॲप बनवणाऱ्यालाही. फक्त त्या प्रश्नाचं नाव पॅशन नाही. त्याला सदसद्विवेक म्हणतात.

नोकरी बदललेला इतिहासकार

आवड आणि पगार जुळून येण्याची गोष्टही नगरच्या दरबारातलीच. फिरिश्ता हा दख्खनच्या इतिहासाचा सगळ्यात मोठा फारसी लेखक. त्याचे वडील निजामशाही राजपुत्र मीरान हुसेनला शिकवायला नगरला आले. फिरिश्ता राजपुत्राच्या सोबतीनं वाढला आणि मोठा झाल्यावर त्याला नोकरी मिळाली ती लेखकाची नव्हे, मुर्तझा निजामशाहाच्या पहारेकऱ्यांच्या नायकाची. 1588मध्ये मीरान हुसेननं बापाचाच काटा काढला. जुनी ओळख होती म्हणून फिरिश्ता वाचला. मग नव्या सुलतानाचाही खून झाला. 1589मध्ये फिरिश्तानं नगर सोडलं आणि विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाकडे गेला. तिथे त्याला हिंदुस्थानचा इतिहास लिहायचं काम मिळालं.

पॅशनच्या गोष्टी सांगणारे हे कथानक असं मांडतील: त्यानं कंटाळवाणी नोकरी सोडली आणि स्वप्नाचा पाठलाग केला. तसं काही झालं नाही. त्यानं जिवाच्या भीतीनं शहर सोडलं, दुसरा मालक शोधला आणि मालकानं सोपवलेलं काम आयुष्यभर मन लावून केलं. आश्रय आधी, ग्रंथ मागाहून. त्याच्या वाट्याला वेळ, ग्रंथसंग्रह आणि भाकरीची शाश्वती आली नसती, तर आज आपल्याला निजामशाहीबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं कळलं नसतं.

कॅम्पमधली माणसं

आजच्या भिंगारकडे येऊ. कॅन्टोन्मेंट, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, यांत्रिक पायदळाचं केंद्र, रणगाड्यांचं संग्रहालय, आणि नगरची व्हीआरडीई. या परिसरातल्या किती घरांचा चूल-संसार सरकारी पगारावर चाललाय, याची गणती नको. आमच्या घराचाही चालला. माझे वडील लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना कुणी कधी पॅशन विचारली नाही. पण घरचा कुकर, शेजारच्यांची मोटर, शाळेचा नळ, काहीही दुरुस्त केलं की ते पुसून, चालवून, आवाज ऐकूनच परत देत. ‘आवाज बरोबर नाही’ हे त्यांच्याकडून आलेलं सगळ्यात कडक टीकेचं वाक्य. कामाबद्दल ते घरी फार बोलले नाहीत. त्या न बोलण्यात कंटाळा होता की समाधान, हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही.

व्हीआरडीई, म्हणजे डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, हिचं नाव देशातल्या गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. पण 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 126 सांगतो, की नव्या वाहनाचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थांपैकी एकीनं तपासल्याशिवाय विकता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारखंच त्या यादीत नगरच्या व्हीआरडीईचंही नाव आहे. ब्रेक किती अंतरात लागतो, धूर किती, दिवा किती लांब पडतो, हे कुणीतरी पुन्हा पुन्हा मोजून, तक्त्यात भरून, खाली सही करतं. ती सही तुमच्या बाइकवर कुठेच नसते. घाटात ब्रेक लागला की तिचं काम झालं.

पगाराविना पॅशन

आता उलटं पाहू. पॅशन भरपूर आणि पगार नाही, असं झालं तर?

त्याचं उत्तर आमच्या क्षेत्राकडे तयार आहे. एप्रिल 2014मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली. इंटरनेटवरचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली. जगातल्या बड्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. सांभाळणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातला पूर्णवेळ एकच, आणि देणग्या यायच्या वर्षाला सुमारे 2000 डॉलर. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च 2024मध्ये, एक्सझेड या छोट्या पण सगळीकडे असणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं कळलं. ते सॉफ्टवेअर एक माणूस वर्षानुवर्षं पदरमोड करून, छंद म्हणून सांभाळत होता. तो थकला होता, हे त्यानं लिहिलंही होतं. ‘मदतीला’ आलेल्या एका अनोळखी नावानं हळूहळू त्याचा विश्वास मिळवला आणि डाव साधला.

आणि हा डाव पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरनं. डेटाबेसचा वेग मोजताना त्याला दिसलं, की लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! बहुतेकांनी दुर्लक्ष केलं असतं. त्याला चैन पडेना. माझ्या वडिलांच्या भाषेत, आवाज बरोबर नव्हता.

या दोन घटनांतून मला एवढं कळतं: छंदावर जग चालतं ठेवायचं, तर कुणीतरी मोडून पडतं. चोख कामाला वेळ लागतो, झोप लागते, आजारी पडल्यावर दुसरा माणूस लागतो. या सगळ्याचं मिळून नाव पगार आहे. ‘पॅशन असेल तर पैशांचं काय एवढं’ हे वाक्य बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याच्या तोंडी असतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

मग आवडीचं काय?

आवडीला मी नाकारत नाही. ज्याला पहिल्या दिवसापासून ध्यास आहे त्यानं त्यामागे जावं. पण बहुतेकांचा प्रवास उलटा असतो. आधी काम येतं, मग हात बसतो, हात बसला की बारकावे दिसू लागतात, आणि बारकावे दिसले की नाद लागतो. नाद हा कामातून येतो, तो गेटवर दाखवायचा पास नाही. आणि नाही लागला नाद, तरी सांधा घट्ट बसवणारा माणूस कमी ठरत नाही. सहा वाजता घरी जाऊन आईला दवाखान्यात नेणारी, मुलाचा अभ्यास घेणारी किंवा नुसती भिंगारच्या रस्त्यानं चालायला जाणारी माणसं कामावर कमी प्रेम करतात, असं मोजण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही.

फक्त एक गोष्ट मला मान्य नाही. शांतपणे काम करणाऱ्यांचं कौतुक करताना आपण त्यांच्या गप्प राहण्याचंच कौतुक करू लागतो, आणि मग त्यांचा पगारही गप्पच राहतो. खापरी नळ बांधणाऱ्यांची नावं उरली नाहीत यात त्यांचा साधेपणा शोधू नये. त्यांची नावं लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही, एवढंच ते आहे.

आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडची कुठलीही ओळ दाखवा, ती कुणी आणि कधी लिहिली हे ती सांगते. नाव ‘ब्लेम’ असल्यामुळे सगळे ती बिघाड झाला की चालवतात. हल्ली मी ती कधीकधी सगळं सुरळीत चालू असताना चालवतो. चार वर्षं न हललेला, न पडलेला एखादा भाग निवडतो, आणि ज्या कुणाचं नाव येईल त्याला किंवा तिला दोन ओळींचा निरोप पाठवतो, त्यांच्या मॅनेजरला कॉपी करून. अप्रेझलच्या फॉर्मवर या निरोपासाठी अजून रकाना नाही. तोवर ईमेल चालेल.